वहिनींच्या दुखण्याचं नाव

चूक माझीच होती, आणि ती मी माइकवर केली. आमच्याकडे लग्नात अक्षतांआधी मानपान आणि सत्कार असतात. दिंद्रुडच्या आसपास ते पुकारायचं काम बहुतेक माझ्याकडेच येतं. धाकट्या बहिणीच्या लग्नात सुमनवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, खोलीत अंधार करून, कपाळाला काळा रुमाल आवळून पडल्या होत्या. अर्धशिशी. त्यावर आमच्या घरात एकच उपाय ठाऊक होता, सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खायची. विहीणबाईंची ओटी भरायला मी वहिनींना पुकारलं, त्या आल्या नाहीत, आणि मी ओरडलो, "वहिनीसाहेब, जिलेबी गरम आहे, आता तरी उठा!" सगळा मांडव हसला. स्पीकर त्यांच्या खिडकीलाच बांधलेला होता...

पुढे तो घरचा विनोद झाला, वहिनींचं डोकं जिलेबीसाठीच दुखतं. वहिनी मग डोकं दुखतं म्हणून सांगेनाशाच झाल्या. रुमाल बांधून भाकरी थापायच्या, मध्येच उठून मोरीत ओकून यायच्या आणि पुन्हा परातीपुढे बसायच्या.

गेल्या दिवाळीला त्यांची लेक पल्लवी बीडहून आली. ती फार्मसीला आहे. तिनं आईला सांगितलं, की अर्धशिशीत मेंदूच्या आवरणाजवळच्या मज्जातंतूंतून एक रसायन सुटतं, ते रक्तवाहिन्या फुगवतं आणि वेदनेचा निरोप वाढवतं. त्याचं नाव सीजीआरपी. दुखणं उठलेलं असताना शास्त्रज्ञांना ते रक्तात वाढलेलं सापडलंय, आणि त्याला अडवणारी औषधंही निघाली आहेत.

मी पोचलो तेव्हा वहिनी अंगणातच उभ्या होत्या, हात पिठाचे.

"भावजी, सापडलं! नाव हाय त्याला! सी-जी-आर-पी. रक्तात दिसतंय म्हणं. म्या ढोंग करत न्हवते!"

शेजारणींना हाका मारमारून त्या हेच सांगत होत्या. मलाही चेव चढला. फोनवर मेंदूची चित्रं काढून आम्ही तिघं जेवण विसरून बघत बसलो. "एवढंसं हाय, अन् मला आडवं पाडतंय व्हय?" वहिनी खळखळून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"माझं चुकलं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी हात वर केला. "हितं कशापायी म्हणता? माइकवर हसवलंत ना, माइकवरच मागा माफी. पल्लूच्या लग्नात. तवा हसलेली समदी येत्यालच की."

मी कबूल झालो. तेव्हापासून भेटलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नाव पाठ झालं का, भावजी?"

गेल्या महिन्यात मी दुसऱ्यांच्या मांडवात सत्कार पुकारत होतो, तेव्हा भावाचा फोन आला. वहिनी शेतातून येताना वाटेतच गेल्या. हृदयविकार...

दहाव्याला नदीकाठी श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. समोर तीच, तेव्हा हसलेली माणसं. कुणी प्रेमळ म्हणालं, कुणी कष्टाळू. पल्लवीनं आईचा काळा रुमाल माझ्या हातात दिला. त्याला अजून बामाचा वास होता. तो मुठीत धरून मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं, मज्जातंतू, रक्तवाहिन्या, सीजीआरपी. दुखवट्यात शोभणार नाही इतका माझा आवाज चढला, पण कुणीही उठलं नाही.

"त्यांचं डोकं खरंच दुखत होतं," मी म्हणालो. "मी तुम्हाला खोट्यावर हसवलं. वहिनी, नाव पाठ झालंय. माझं चुकलं. मला माफ करा."