रिकाम्या पातेल्यातला डाव

माझ्या घरात प्रत्येक कामाला वार ठरलेला आहे. किराणा शनिवारी, पंखे पुसायचे महिन्याच्या पहिल्या रविवारी. यादी फ्रिजच्या दारावर असते. त्यामुळे अकरावीतली मुलगी एका संध्याकाळी म्हणाली, "आई, आजपासून वाढायचं काम माझं," तेव्हा मी खुशीनं ते माझ्या यादीतून काढलं.

आमच्याकडे वाढणारी मागून बसते. सासूबाई कडेगावला तशाच जेवत आल्या, मी सांगलीत तशीच. आता ती शेवटी बसू लागली. नवरा कुपवाडच्या कारखान्यातून दमून यायचा, त्याला ती आग्रहानं आणखी एक भाकरी वाढायची, वर तूप. सासूबाई म्हणायच्या, "लय गुणाची हाय माझी नात. आईला न्हाई जमलं ते हिला जमतंय."

"अहो आई, मी इथंच बसलेय."

"मग ऐक की!"

सगळे हसायचो. हात धुऊन आम्ही बाहेर टीव्हीपुढे बसलो की आत पातेल्यात डाव वाजायचा. पोरगी जेवायला बसली, असं आम्ही समजायचो.

भर मे महिन्यात ती स्वेटर घालू लागली. न्हाणीच्या जाळीत केस साठू लागले. रक्त कमी असेल म्हणून मी बीट आणलं, खजूर आणले. ते खजूर तिनं सगळ्यांना वाटले.

एकदा पाण्याचा तांब्या न्यायला मी आत गेले. ती ओट्यापाशी उभी होती. पातेलं रिकामं होतं आणि त्यात ती डाव फिरवत होती. शेजारी तिचं ताट, खरकटं दिसावं म्हणून त्याला आमटीचं बोट लावलेलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. डाव मात्र थांबला नाही. बाहेर आजीला ऐकू जायला हवं होतं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि तिला दाखलच करून घेतलं.

"डाएटचं खूळ आहे, उतरेल," नवरा म्हणाला.

"खूळ नाही, ॲनोरेक्सिया आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आजार मनाचा, पण जीव घेऊ शकतो. हाडं वर आलीत, तरी आरशात तिला ती जाडच दिसते. हृदय मंद चाललंय. रागावून जाणार नाही, लाडानंही नाही. मानसोपचार लागतील. आणि घरी ती एकटी जेवणार नाही."

"किती दिवस?" मी विचारलं. मला तारीख हवी होती. त्यांनी दिली नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. मग पातेली उचलून मधोमध ठेवली आणि मला म्हणाल्या, "तूबी बस गं." त्या दिवसापासून आम्ही सगळे एकदम बसतो. ती रडायची, ताट ढकलायची, मला वैरीण म्हणायची. मध्ये पुन्हा दवाखाना झाला. रात्री तिच्या दाराशी उभी राहून मी श्वास ऐकायचे.

आता ती साताऱ्यात नोकरी करते. उपचार चालू आहेत. वजन मी विचारत नाही, डॉक्टरांनी मनाई केली आहे.

गेल्या रविवारी ती घरी आली होती. मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आत डाव वाजला. हातातली चादर तशीच टाकून मी उठले. दारात पोचले तेव्हा ती पाठमोरी होती. मागं न वळताच तिनं पातेलं माझ्याकडे कलतं केलं.

"आहे, आई. बघ."

मी वाकून बघितलं.