व्हरांड्यातली पेटी

माझ्या पेटीवर सुनंदाच्या चपला वाळत ठेवल्या होत्या. धुऊन, पालथ्या घालून. पेटी व्हरांड्यात, मोरीच्या तोंडाशी, झाडू आणि बादलीच्या शेजारी. आत माझी पुस्तकं, दोन साड्या, गोधडी आणि बारावीची गुणपत्रिका. चपलांचं पाणी झाकणावरून ओघळून कडीपाशी साचलं होतं.

मी चपला उचलून खाली ठेवल्या. सुनंदा दारातून म्हणाली, "राहू दे की तिथंच. ऊन चांगलं लागतंय."

मी त्या परत ठेवल्या. होय, परत ठेवल्या. हे लिहितानाही स्वतःच्या कानशिलात द्यावीशी वाटते.

औरंगाबादचं मुलींचं सरकारी वसतिगृह. एका खोलीत तीन खाटा आणि भिंतीत एक कपाट, तीन खणांचं. तीन पोरी, तीन खण. पहिलीतल्या लेकरालाही ही वाटणी जमली असती. सुनंदा सिल्लोडकडच्या बड्या बागायतदाराची. वासंती जालन्याच्या वकिलाची. मी पिशोरजवळच्या खेड्यातली, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. पहिल्याच दिवशी वासंतीनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हं," म्हणाली आणि खिडकीतला स्वतःचा पाण्याचा तांब्या उचलून कपाटात ठेवला.

कपाट आधीच भरलेलं होतं. वर वासंतीचे कपडे, खाली सुनंदाचे, मधल्या खणात देव आणि फराळाचे डबे. "आमी तसलं काय मानत नाय बरं का," सुनंदा म्हणाली. "फकस्त जागेची अडचण हाय."

जागेची अडचण म्हणे. आमच्या घरी एका खोलीत सात माणसं. कपडे दांडीवर, भाकरी शिंक्यात, दप्तरं आढ्याला. मायनं सगळं वर चढवून झोपायला जमीन मोकळी ठेवलेली. या दोघींना स्वतःच्या परकराची घडी घालता येत नव्हती. घरी त्याला माणसं होती ना. सुनंदाची फणी केसांच्या गुंतवळासकट उशीवर पडलेली. वासंतीच्या लाडवांना बुरशी. पण बुरशीसुद्धा सोवळ्यातली. डब्याला माझा हात चालत नव्हता.

दर शनिवारी सकाळी रेक्टरबाई खोल्या तपासत. दिवाळीपर्यंत जी खोली सगळ्यात नेटकी, तिला उन्हाळ्यासाठी टेबलफॅन. फॅनचं नाव निघालं आणि दोघींना मी दिसू लागले. "तुला किती छान जमतं गं असलं," वासंती गोड आवाजात म्हणाली. "तूच कर ना काहीतरी."

आणि मी केलं. हुरळूनच गेले. मेसमागच्या बांधकामावरून विटा मागून आणल्या, खाटेच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन. खाटा उंच झाल्या, खाली ट्रंका सरकवायला जागा झाली. खिडकीत फळी टाकून पुस्तकांची रांग लावली. टॉवेलांसाठी भिंतीला सुतळी ताणली. मायनं गोणपाटाचा पडदा शिवून दिला, बारा खिशांचा. त्यात तेलाची बाटली, फणी, साबण, पेनं, सगळं मावलं. मध्ये एवढी जमीन मोकळी झाली की तिघींनी चटई टाकून जेवावं. जेवायला बसल्या दोघीच.

मी काढलेली सगळी जागा त्यांनी भरली. फळी त्यांची, सुतळी त्यांची, मायच्या पडद्याचे बाराही खिसे त्यांचे. माझ्या खाटेखालीसुद्धा सुनंदाची दुसरी ट्रंक. "तपासणीपुरती तुझी पेटी भायेर ठिव," ती म्हणाली. "गंजलीय. खोलीची शोभा जाती." आधी शनिवारची सकाळ. मग शुक्रवारपासूनच. मग ती आत घे असं कुणी म्हणेना, आणि लाजेनं मीही म्हणेना.

चपला वाळत होत्या तो शनिवारच. थोड्या वेळानं रेक्टरबाई आल्या. खाटेखाली वाकून पाहिलं. पडद्यावरून हात फिरवला. "ही कल्पना कुणाची?"

"आमची," वासंती म्हणाली.

मी दाराबाहेर उभी होते. बाईंनी वही उघडली, पुन्हा एकदा खोलीभर पाहिलं आणि विचारलं, "इथं दोघीच राहता का?"

बाईंचंही चुकलं नव्हतं. तिसऱ्या खाटेवर वासंतीची नक्षीची चादर होती, शोभेसाठी. माझा एक टॉवेलही खोलीत नव्हता. मी मन लावून, विटा वाहून, स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढलं होतं. अंगाची आग आग झाली. त्या दोघींपेक्षा जास्त मला माझीच शिसारी आली.

चपला मी पायानं उडवल्या. पेटी उचलून आत आणली. कपाटाच्या मधल्या खणातले डबे काढले, सुनंदाच्या गादीवर ठेवले.

"अगं, तिथं देव आहेत," वासंती म्हणाली.

"देवाला म्हणावं, जरा सरकून बस. कपाट सरकारचं हाय."

देव मीच उचलले, बाजूला सरकवले. वासंतीनं डोळे मिटून घेतले. वीज पडली नाही, भिंत फाटली नाही. पेटी खणात नीट बसली.

"हे माझ्यासमोर कशाला चाललंय?" बाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोरच पायजे. वहीत तिघी लिहा."

त्यांनी लिहिलं. खाली शेरा मारला, खोलीत शिस्त नाही. टेबलफॅन शेजारच्या खोलीला गेला. वासंतीनं देव धुऊन घेतले आणि लाडू फेकून दिले. बुरशीमुळं नव्हे. पुढं दोघी वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, तेव्हा मला शांतपणे अभ्यास करता आला.

आजही लोक मला मांडणीला बोलावतात. ऑफिसातलं दफ्तर, संस्थेचं ग्रंथालय, कुणाचं नवं घर. "तुम्हाला किती छान जमतं," म्हणतात. तोच गोड आवाज. मी जाते, आणि पहिल्यांदा विचारते, यात माझी जागा कुठं आहे. उत्तर देताना कुणी घसा खाकरला तर तिथूनच माघारी फिरते. आधी माझी पेटी आत येईल. तोवर मी एका विटेलाही हात लावणार नाही.