वहिनीची बाग, माझं पेज

माझ्या पेजवर माझी ओळख अजूनही ‘द्राक्षबाग सांभाळणारी लेक’ अशीच लिहिलेली आहे. राहते मी शहरात, गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या बाल्कनीतली तुळससुद्धा दोनदा वाळली. बाग माहेरची, दिंडोरीजवळ. ती सांभाळते माझी वहिनी. भाऊ ट्रॅक्टर आणि बाजार बघतो, वेलींचं सगळं तिच्याकडे.

सुरुवात अगदी साधी झाली. एका रविवारी वहिनी घड विरळत होती आणि कुठले मणी ठेवायचे, कुठले काढायचे ते मला सांगत होती. मी तिच्या हातातली कात्री घेतली आणि तेच सगळं मोबाईलसमोर बोलले. लोकांनी व्हिडिओ डोक्यावर घेतला. मग दर रविवारी तेच. तिने सांगायचं, मी पाठ करायचं, आणि मोबाईलही तिनेच धरायचा. माझ्या डोक्याचा रुमाल तिचा, चपलांना लागलेला चिखल तेवढा माझा. जाहिरातीच्या धंद्यातल्या एका ओळखीच्याने मला सांगितलं होतं की पेजवर एकच चेहरा ठेवा, नाहीतर लोक गोंधळतात. हा सल्ला मला फारच आवडला. चौकटीत वहिनीचा हात आला तर मी तेवढा भाग कापून टाकायचे. आज हे लिहिताना कान गरम होतात, तेव्हा मात्र त्याला मी एडिटिंग म्हणत होते.

मागच्या हंगामात छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला, त्याच आठवड्यात जवळच्या गावात महिला शेतकऱ्यांचा मेळावा होता. प्रमुख पाहुणी मी. वहिनीला सोबत नेलं, कारण व्हिडिओ काढायला कुणीतरी हवं होतं. शाल झाली, नारळ झाला, माझं पाठ केलेलं भाषण झालं. मग चाळिशीची एक बाई उठली, थेट स्टेजपाशी आली आणि पिशवीतून तिने एक पान काढलं.

“ताई, परवाच्या पावसानं पानं अशी व्हायला लागली. घड आत्ताच निघालेत. काय मारू ते सांगा, आजच मारायला पाहिजे. घरी विचारायला कोणी नाय.”

मी पान हातात घेतलं. खालच्या बाजूने पांढरं होतं. पांढरं म्हणजे भुरी रोग, एवढं मला माझ्याच एका व्हिडिओमुळे माहीत होतं. तरी मी वहिनीकडे पाहिलं. मोबाईलच्या मागे तिने हळूच मान हलवली, नाही म्हणून. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून पाहिलं, पण दिसलं होतं. सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

“भुरी आहे,” मी म्हणाले. “गंधक मारा.”

टाळ्या पडल्या. बाईने हात जोडले.

ती भुरी नव्हती, डावणी होती, वेगळाच रोग. भुरीच्या औषधाने डावणी जात नाही, आणि ढगाळ हवेत ती चार दिवसांत कोवळे घड संपवते. त्या बाईचं वर्ष माझ्या एका शब्दावर टांगलं होतं, आणि मी खाली उतरून सेल्फी देत होते. गर्दी पांगल्यावर बघते तर वहिनी नाही. ती फाटकापाशी त्या बाईला गाठून उभी होती, पान उलटंसुलटं करून दाखवत होती.

“ताईंच्या तोंडून गडबडीत दुसरं नाव गेलं बघा. त्यांनीच मला तुमच्यामागं पाठवलं. वरून असा तेलकट पिवळा डाग आन् खालून पांढरं म्हणजे डावणी. गंधक नका मारू. या कागदावर औषधाचं नाव लिहून दिलंय, ते आजच मारा.”

मी चार पावलांवर उभी होते. पुढे गेले नाही.

गाडीत मी उलट तिच्यावरच चिडले. “वहिनी, तुला कळलं होतं तर तिथंच का नाही बोललीस?”

“अहो ताई, एवढ्या बायांत तुमचं नाव गेलं असतं ना,” ती म्हणाली.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी मेळाव्याचे फोटो निवडत बसले.

पंधरा दिवसांनी त्या बाईचा मेसेज आला, सोबत हिरव्यागार घडांचा फोटो. ‘ताई, तुमच्यामुळे बाग वाचली.’ तिचा काय दोष? तिला तसंच सांगितलं होतं. मी तो मेसेज पेजवर टाकायला घेतला आणि वर एक ओळ लिहिली: ‘हे माझ्या वहिनीने ओळखलं.’ मग वाटलं, लोक विचारतील, मग स्टेजवर तू काय सांगितलंस? ओळ पुसली आणि मेसेज तसाच टाकला.

पहिली कमेंट वहिनीची आली. ‘ताई लय भारी. अभिमान वाटतो तुमचा.’

मी तिला, सगळ्यांना देते तसा, एक लाल बदाम दिला.