चौथ्या नटाची चावी

ती घटना आजही आठवली की मी उठून अंगणातल्या गाडीची चाकं बघून येतो. घरचे हसतात. मी त्यांना कारण कधी सांगितलेलं नाही, आज लिहून बघतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आयुष्यभर पंचनामे लिहिले, पण स्वतःची चूक लिहायची म्हटलं की हात अजून अडखळतो.

कसालच्या अलीकडे, उतारावर, एक छोटी गाडी शेताच्या जांभ्या दगडी कुंपणावर, गडग्यावर आदळल्याची खबर सकाळी नऊच्या सुमारास ठाण्यात आली. आम्ही पोचलो तेव्हा गाडीचं पुढचं डावं चाक शेतात पडलं होतं. गाडीत एकटीच मुलगी होती. कॉलेजचं शेवटचं वर्ष, कुडाळला परीक्षेला निघालेली. हॉल तिकीट पर्समध्ये नीट घडी घालून ठेवलेलं होतं. दवाखान्यात पोचण्याआधीच ती गेली.

तिचे वडील देवबागचे. ख्रिस्ती कुटुंब, बोटींची इंजिनं दुरुस्त करण्याचा धंदा. जबाब देताना ते रडले नाहीत. ठाण्यातल्या बाकावर ताठ बसून म्हणाले, "साहेब, चाक आपसूक सुटणा नाय. रविवारी मियाच चारय चाकां काढून परत लायलंय. कोणीतरी सोडल्यान."

"कोणावर संशय?"

त्यांनी शेजाऱ्याचं नाव घेतलं.

हा शेजारी पर्यटकांना बोटीतून फिरवायचा. खाडीकाठी बोट बांधायच्या जागेवरून दोघांचं भांडण झालं होतं. तेव्हा चारचौघांत तो ओरडला होता, "तुझी गाडी रस्त्यार कशी चलता, तीच बगतंय!" तेव्हापासून आठ महिने दोन्ही घरांत अबोला.

दुपारी ठाण्यात एक फोन आला. देवबागचाच एक दुकानदार. म्हणाला, माझं नाव पुढे येऊ देऊ नका, पण सकाळी सातला शेजारी त्या गाडीच्या चाकापाशी पाना घेऊन उकिडवा बसलेला मी पाहिला. धमकी होती, साक्षीदार मिळाला. संध्याकाळपर्यंत आम्ही शेजाऱ्याला ठाण्यात आणलं.

पहिल्यांदा तो म्हणाला, मी तिथे गेलोच नाही. ते खोटं होतं, आणि त्या एका खोट्यामुळे पुढचं काहीच मला खरं वाटलं नाही. त्याच्या बोटीतला पाना जप्त करून आम्ही टेबलावर ठेवला.

हवालदार म्हणाला, "अरे, बोटीचो पाना गाडीच्या चाकाक कित्याक? चाकात मासे गावतत?"

टेबलावरच्या पान्याकडे बघत शेजारी बोलला, "सोडूक नाय गेलंय, साहेबानू. घट करूक गेलंय."

"खोटं बोलतोस."

"बोटीर जाताना दिसला. चार नटांतलो एक पडलेलो, बाकीचे ढिले. माझ्या पान्यान दोन घट केलंय. चौथो लॉकचो. तेका चावी लागता. चावी तेच्या घरात."

लॉकचा नट म्हणजे चाकचोरीच्या भीतीने बसवतात तो. प्रत्येक चाकाला एक. त्याच्याच जोडीची चावी बसवल्याशिवाय साध्या पान्याने तो फिरत नाही.

"मग हाक मारायची. चावी मागायची."

"आमी बोलनव नाय, साहेब."

मी त्याच्या कानाखाली मारली. ती अहवालात नाही, म्हणून इथे लिहितो. मला वाटलं, हा माझी चेष्टा करतोय. मुलगी मेली आणि हा अबोल्याची गोष्ट सांगतोय.

दुसऱ्या दिवशी आमच्या माणसांनी उताराच्या कडेचं गवत पिंजून काढलं. दोन नट सापडले. दोघांचेही कोपरे ताजे घासलेले होते आणि शेजाऱ्याचा पाना त्यांच्यावर एक माप मोठा बसत होता. मला वाटलं, गुन्हा उघड झाला. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला आले तेव्हा मी मोठ्या उत्साहाने ते नट त्यांच्या हातावर ठेवले.

त्यांनी भिंग काढलं. मग मला म्हणाले, "कोपऱ्याची कुठली बाजू घासलीय, बघितलंत? मोठा पाना सरकतो तेव्हा ज्या दिशेला जोर लावाल तीच बाजू झिजते. हे नट आवळलेत. सोडले असते तर दुसरी बाजू चकचकीत झाली असती."

मी पुन्हा बघितलं. ते बरोबर होते.

मग त्यांनी चाक उलटं केलं. चाक जिथे गाडीला टेकतं तिथे आतल्या बाजूला हिरवा रंग होता, बोटीला लावतात तसला, जाड. बराचसा चिरडून निघालेला. नटांची भोकं लांबट झालेली. नट ज्यावर फिरतो त्या आट्यांमध्ये ग्रीस. "रंगावर चाक घट्ट बसत नाही," ते म्हणाले. "धावताना रंग चेपतो, नट सैल होतात. त्यात आट्यांना ग्रीस. चाक लावल्यावर पन्नासेक किलोमीटरांनी पुन्हा पाना लावून बघायला हवा होता. हे कोणी केलं?"

कोणी केलं, ते मला माहीत होतं. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. खाऱ्या वाऱ्यात लोखंड वर्षभरात पापुद्रे टाकतं. बोटवाल्याचा हात तिथे सवयीने रंगाच्या डब्याकडे आणि ग्रीसकडे जातो. बोटीला जे वाचवतं ते गाडीलाही वाचवेल, असं त्या बापाला वाटलं. मुलगी रोज गाडीने कॉलेजला जाते म्हणून त्याने रविवारचा अख्खा दिवस घालवला होता.

त्याला बोलावून मी सांगितलं, शेजाऱ्याने नट आवळल्याचंही. कसं सांगितलं, ते आठवत नाही. त्याने आपले हात उलटे करून बघितले. नखांत अजून हिरवा रंग होता.

"म्हणजे मियाच," तो म्हणाला.

मग शेजाऱ्याला कोठडीतून बाहेर आणलं. दोघे माझ्या टेबलापाशी समोरासमोर उभे राहिले.

"तू बगलंलस?" बापाने विचारलं. आठ महिन्यांतला पहिला शब्द.

"बगलंय."

"मगे एक हाक मारूची रे. शिवी घालून मारूची. चावी खिळ्याक होती, दारामागे."

शेजारी तिथेच खाली बसला. त्याला उठवायला दोन शिपाई लागले.

अहवालात मी रंग लिहिला, ग्रीस लिहिलं, चौथा नट लिहिला. हाक न मारल्याचं कुठल्या कलमात बसवायचं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. शेजाऱ्याची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, अजून दोन मारल्यात आसतास तरी चलला आसता."

या गुन्ह्याने मला शिकवलं ते फार मोठं नाही. खोटं बोलणारा माणूस गुन्हेगारच असतो असं नाही, कधीकधी तो लाजलेला असतो. आणि चाक काढून लावलं की नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे, आटे कोरडे ठेवायचे, दोन दिवसांनी पुन्हा बघायचे. लॉकची चावी घरात नाही, गाडीतच ठेवायची. ज्याला आपल्याशी बोलायचं नाही, त्यालाही ती कुठे आहे ते माहीत असावं.

निवृत्तीनंतर एकदा देवबागला त्या बापाच्या घरी गेलो होतो. गाडी केव्हाच भंगारात गेली होती. चावी मात्र दारामागे नव्हती. पडवीच्या बाहेरच्या खांबाला, शेजाऱ्याच्या बाजूने, ती टांगलेली होती. खाऱ्या वाऱ्यातही त्याने तिला ग्रीस लावलेलं नव्हतं. ती गंजून लाल झाली होती.