ड्रायव्हर लोकांची सोय

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी ती रोज चढत होते, तेही ताठ मानेनं. नव्वदच्या दशकात आमच्या तालुक्याच्या कोर्टात काळा कोट घालणाऱ्या आम्ही दोघीच बायका होतो आणि आमच्या समाजातली मी एकटी. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आईनं मला शिकवलं, आणि आता कुणाला भ्यायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं.

धाकटा भाऊ आष्टा-सांगली रस्त्यावर वडाप करायचा, म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून पोचवायचा. लग्नसराईत तीच जीप वऱ्हाडाला लागायची. लग्नात मंडपामागे ड्रायव्हर लोकांना बाटली द्यायची, ही आमच्याकडची रीतच. नाही दिली तर यजमान चिक्कू, नाही घेतली तर ड्रायव्हर शिष्ट.

अशाच एका लग्नाहून परतताना त्याला पोलिसांनी पहिल्यांदा धरलं. घाबराघुबरा होऊन माझ्याकडे आला. मी म्हटलं, त्यात काय एवढं, कबूल म्हण, दंड भर, उद्यापासून गाडी सुरू. सगळेच वकील तेच सांगायचे. ऐन सीझनमध्ये तारखा खात कोण बसणार? कोर्टात साहेबांनी विचारलं, तो ‘कबूल’ म्हणाला आणि बाहेरचा चहा निवायच्या आत केस संपली. मी स्वतःवर जाम खूश होते. कबुलीनंही शिक्षेची नोंद होते, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर सहा महिन्यांच्या जागी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे कलम मला तोंडपाठ होतं. त्याला तेवढं सांगायचं राहिलं. खरं म्हणजे सांगावंसं वाटलंच नाही. पुन्हा सापडायला तो काय दूधखुळा होता?

त्यानंतर कडेगावला माझ्या नणंदेचं लग्न निघालं. घरात शिकलेली म्हणून तयारीची यादी माझ्याकडे. तांदूळ, पत्रावळ्या, मेणबत्त्या, हार. शेवटी सासऱ्यांनी सांगितलं आणि मी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘ड्रायव्हर लोकांची सोय, तीन बाटल्या’. पाहुण्यांसाठी तीन जिपा ठरवल्या होत्या. त्यातली एक माझ्या भावाची होती.

मंडपात सगळ्यांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. पाचवं शील दारूपासून दूर राहण्याचं. ते मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. माझा आवाज चांगला आहे. मग पंगती उठल्या-बसल्या, मी पदर खोचून वाढत राहिले. भाऊ मंडपामागे बसलाय हे मला ठाऊक होतं. तिथं तो माझा भाऊ नव्हता, भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर होता. आज त्या विचाराची लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

दुपारी चारच्या सुमारास आष्ट्याच्या अलीकडे पोलिसांनी त्याची जीप अडवली. पहिल्या शिक्षेला दोन वर्षंही झाली नव्हती.

आई माझ्याशी बोलेना. मी मात्र कंबर कसली. आठवडाभर कागद पालथे घातले आणि हवं ते सापडलं. रक्त कधी घेतलं, ती वेळच तपासणीच्या कागदावर नव्हती. तेवढ्यावर मी त्याला सोडवलं असतं. आजही मला त्याबद्दल शंका नाही.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी त्याला पढवायला लागले, तर म्हणाला, “आक्का, कागदावर मी सुटीन. पर सतरा माणसं हुती गाडीत. पुलावर दोन डाव गाडी कठड्याकडं गेली. ते कुठल्या कागदावर हाय?”

कोर्ट ते विचारत नाही, मी म्हटलं. गुन्हा नाकबूल म्हण, पुढचं माझ्यावर सोड.

“मागच्या डावाला तू सांगितलंस म्हणून कबूल म्हणलो. आज माझं मी म्हणतोय.”

आणि म्हणाला. साहेबांनी एक महिन्याची कैद दिली, लायसनही निलंबित केलं. मी इतकी चिडले होते की त्याला न्यायला आलेल्या पोलिसासमोरच विचारलं, माझ्या घरच्या लग्नात तरी प्यायची काय गरज होती? तो चिडला नाही.

“पंगतीला कुणी बोलवत न्हाई, म्हणून बाटली देत्यात. तू बी न्हाई बोलावलंस.”

त्या दिवशी कोर्टाची पायरी मी मान खाली घालून उतरले.

लायसन परत मिळालं, त्या वर्षी धाकट्या दिराचं लग्न झालं. यादी पुन्हा माझ्याकडे आली. सासरे ‘सोय’ म्हणाले, मी लिहिलं, ‘ड्रायव्हर, पहिली पंगत’. लोक नावं ठेवतील, सासरे म्हणाले. ठेवू देत, मी म्हटलं, लोकांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही.

पंगत मांडल्यावर मी स्वतः मंडपामागे गेले आणि तिन्ही ड्रायव्हरांना हाताला धरून आणलं. बाकीचे दोघे अंग चोरून बसले. भाऊ मात्र ऐसपैस मांडी घालून पाहुण्यांच्या शेजारी बसला. वाढता वाढता मला रडू आलं, पदरानं डोळे पुसले, ते त्यानं पाहिलं.

“आमटी वाढ आक्का लवकर,” तो म्हणाला, “वऱ्हाड पोचवायचं हाय.”