फेटा बांधून भाडेवसुली

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्याइतका मूर्ख घरमालक सांगलीत दुसरा झाला नाही. आठवलं तरी अजून दमायला होतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. घराच्या मागच्या दोन खोल्या मी सदा पैलवानाला भाड्याने दिल्या होत्या. पोरगा गोड बोलणारा, पण महिन्याचं चार रुपये भाडं तीन महिने नाही. मागायला गेलं की, "मालक, येवडी एक कुस्ती मारू द्या, मग बघा!"

मी आपला बघतच राहिलो.

एक दिवस आत डोकावलो तर काय! फरशी उपटलेली आणि तिथं चक्क कुस्तीचा हौदा. तांबडी माती, वर ताक, हळद, तेल! मुद्गलांची जोडी फिरवून भिंतीचा गिलावा उतरवलेला. मुंग्यांची तर वरात निघाली होती.

"सदा, हे काय रे?"

"तालमीत लय गर्दी हुती, मालक."

त्याच दिवशी त्याला बाहेर काढला. इथवर माझं काही चुकलं नाही, हे ध्यानात ठेवा.

पण खोल्या ओस पडल्या. त्या भाड्यावर तर आमची चूल पेटायची. एक शाळामास्तर राहायला तयार होते, पण फरशी घालून द्याल तरच, म्हणाले. शेवटी बायकोनं बजावलं, "त्याच्या गावी जा. भाडं आणा, फरशीचा खर्च आणा. आणि हे पंधरा रुपये घ्या, येताना फरशीवाल्याला विसार द्या. घरात एवढेच आहेत."

निघालो. लोणंदपर्यंत आगगाडी, पुढं पेट्रोलच्या टंचाईमुळं कोळशावर चालणारी मोटर. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायची! फलटणच्या पलीकडं सदाच्या गावात पोचलो तेव्हा माझा पार चोथा झाला होता.

गावात नेमकी जत्रा. सदाचा बाप, तात्या, मला बघून धावत आला. "आवं, सांगलीचं मालक आलं! माझ्या पोराला घरात माती टाकू दिली ह्यांनी!"

"टाकू दिली?" मी ओरडलो, पण हलगीपुढं ऐकतो कोण? मला थेट कुस्त्यांच्या मैदानात नेलं, मानाच्या जागी बसवलं, नारळ दिला, गुलाबी फेटा बांधला.

आता मैदानात फेटा बांधून घेतला की एका कुस्तीचं इनाम आपल्या नावावर लागतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. मला का ठाऊक नव्हतं? होतं हो! पण दमल्या जिवाला कुणी मान दिला की अक्कल पेंगते. वाटलं, एवढा मान देतात, म्हणजे पैसेही देतील.

"मालकाचं इनाम किती?" पुकारणाऱ्यानं विचारलं.

"दोन रुपये," मी पुटपुटलो.

सगळं मैदान हसलं. शेजारच्या ऊसवाल्यानं दहा लावले होते. तात्या कानाशी लागला, "आवं, सांगलीची अब्रू जातीया!"

सांगलीची अब्रू! ती कुणी माझ्याकडं सांभाळायला दिली होती? पण मी ताडकन उठलो आणि ओरडलो, "पंधरा!"

हलगी कडाडली. आणि माझ्या इनामावर लढायला कोण उतरावं? सदा! माझ्या खोलीतली मेहनत अशी फळली, की समोरचा गडी बघता बघता चीत.

पंधरा रुपये मी माझ्या हातानं त्याला दिले. तो पाया पडला.

"मालक, तुमचं भाडं बुडवायचो न्हाई मी. तीन रुपये खुराकाला ठिवतो, ह्ये बारा तुमचं!"

आणि माझेच बारा रुपये माझ्या हातावर ठेवले. लोकांनी टाळ्या पिटल्या. "काय इमानदार गडी हाय!" म्हणाले. एवढ्या माणसांत मला पावतीही लिहून द्यावी लागली, भाडं चुकतं पोचलं म्हणून.

"आणि फरशीचं रे?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"त्ये बी फेडतो की! तुमी फकस्त पुढल्या जत्रंला या, आन इनाम जरा वाढवून लावा."

आता डोक्याला फेटा, समोर सारा गाव. मी काय म्हणालो असेन?

"येतो की!" म्हणालो.