साडूंची पाखरं आणि अक्कांची छत्री

आमच्या थोरल्या साडूंइतका शांतताप्रिय माणूस कागल तालुक्यात दुसरा सापडायचा नाही, आणि त्यांच्या शेताइतका गोंगाट साऱ्या जिल्ह्यात कुठे ऐकायला मिळायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला कशा आल्या हे सांगायचं तर त्यांच्या गिनी कोंबड्यांपासूनच सुरुवात करावी लागते. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुरगूडच्या अलीकडे वेदगंगेच्या बाजूला त्यांची लहानशी शेती आहे. थोडा ऊस, थोडा भाजीपाला, दोन म्हशी आणि शेतातच बांधलेलं घर. गावच्या दूध संस्थेतून निवृत्त झाल्यावर ते हातकणंगल्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे तिसरी म्हैस बघायला म्हणून गेले आणि संध्याकाळी डोक्यावर मोठी बुट्टी घेऊन परत आले. बुट्टीत टकल्या डोक्यांची, त्या टकलांवर शिंगाएवढा टेंगूळ असलेली, काळपट अंगावर पांढरे ठिपके असलेली पाखरं होती. मेव्हणीबाईंनी, म्हणजे ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो त्यांनी, विचारलं, "म्हस कुठाय?" साडू म्हणाले, "म्हस वरडत न्हाय." या उत्तराचा अर्थ लागायला थोडा विचार करावा लागतो, आणि त्या दिवशी विचार करण्याच्या मनःस्थितीत अक्का नव्हत्या.

पुढे साडूंनी या पाखरांचं एवढं गुणगान केलं की ऐकणाऱ्याला आपल्या घरी गिनी नाहीत याची लाज वाटावी. गिनी म्हशीच्या पायांतले गोचीड वेचून खातात, साप दिसला की त्याला घेरतात, परका माणूस आला की रान डोक्यावर घेतात. यातलं सगळं खरं होतं. फक्त परकं कोण, हे गिनींना नीट ठरवता येत नसे. त्या पोस्टमनवर ओरडत, मांजरावर ओरडत, झावळी पडली तर ओरडत, आणि काल ज्या दोरीवर जे लुगडं वाळत होतं तेच आज त्याच दोरीवर दिसलं तरी ओरडत. कालचं आज त्यांच्या डोक्यात उरत नसे, त्यामुळे जग त्यांना रोज नव्यानं भयंकर वाटे. कुंपणाचं फाटक सताड उघडं असताना एखादी गिनी आत यायचं म्हणून तारेच्या कडेकडेनं दुपारभर येरझाऱ्या घाली आणि साडू कौतुकानं सांगत, "बगा, किती चिकाटी हाय. आपल्यात न्हाय असली." मी एकदा म्हणालो की चिकाटीपेक्षा फाटक दिसलं तर बरं. त्यावर ते म्हणाले, "पावणं, फाटक बगून समदीच आत येत्यात. त्यात काय मोठं?"

सगळ्या माद्यांना त्यांनी शेवंता हे एकच नाव ठेवलं होतं आणि सगळ्या नरांना फौजदार. एकीला हाक मारली की सगळ्या येतात आणि हवी ती त्यात असतेच, हा त्यामागचा हिशेब. शेवंता कोण आणि फौजदार कोण हे दिसण्यावरून कळत नाही, फक्त आवाजावरून कळतं. साडू ते आवाजावरून ओळखत, म्हणजे बहुधा चुकीचं ओळखत. एका फौजदाराखाली त्यांनी पंधरवडाभर मोठ्या विश्वासानं अंडी ठेवायचा प्रयत्न केला होता.

कारण साडूंना कमी ऐकू येतं. हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या कोल्हापूरकडे ही गोष्ट लक्षात यायला मुळात फार उशीर लागतो. इकडे दोघं शेजारी शेजारी बसून भुईमुगाचं बोलत असले तरी पलीकडच्या गल्लीतली माणसं भांडण सोडवायला येतात. त्या गलक्यात साडूंचे कान कधी मंदावले ते कुणाला कळलंच नाही. त्यांचं स्वतःचं मत असं की कान शाबूत आहेत, लोकांचेच आवाज बसलेत. "पयली मानसं बोलली की बांधावरनं ऐकू यायचं. आता समदी दवाखान्यात असल्यागत बोलत्यात. खात न्हाईत काय?" पुतण्याच्या वरातीत लावलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे सगळी कान दाबून उभी होती, तेव्हा साडू एकटे प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "आता कसं, बोलल्यागत वाटालंय." अशा माणसाला जुन्या काळचा आवाज असलेलं काहीतरी हातकणंगल्यात सापडलं आणि त्याची म्हैस राहून गेली, याचं मला तरी नवल वाटलं नाही. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एक पुढारी हात जोडत अंगणात आला. पाखरांनी जे तोंड सोडलं ते त्याचं भाषण संपेपर्यंत. कुणालाच अवाक्षर कळलं नाही, पण साडू शेवटपर्यंत मान डोलवत होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "बोलला झ्याक. पन पाखरांस्नी पटलं न्हाय. ती खोटं बोलत न्हाईत. आपण हसून 'या, बसा' म्हणतो, ती तोंडावर सांगत्यात."

अक्कांचं दुखणं निराळंच होतं. त्या मला एकदा सोप्यात बसवून, चहाचा कप हातात देऊन म्हणाल्या, "पावणं, मी हाका मारून घसा फोडून घेतला तरी ह्यो मानूस मान वळवत न्हाय, आणि त्या टकल्या बायांनी नरडं काढलं की शेतातनं पळत येतोय. मी हितं कशाला हाय मग?" विनोदानं सांगितलं होतं, पण सांगताना त्यांनी पदर उगाच दोनदा सारखा केला. मी चहा पीत राहिलो. 

पण अक्का रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. एकदा त्या अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या, ऊन लागलं म्हणून छत्री उघडली, आणि त्या काळ्या गोलाच्या दर्शनानं समस्त शेवंता आणि फौजदार असे काही किंचाळले की पार पलीकडच्या बांधावरून साडू खुरपं घेऊन धावत आले. "कोण आलंय?" अक्कांनी छत्री मिटली आणि म्हणाल्या, "कोण न्हाय. आलासा तर जेवून घ्या." त्या दिवसापासून त्या घरात जेवणाची घंटा सुरू झाली. भाकरी तव्यावरून उतरली की अक्का अंगणात जाऊन छत्री उघडत, पाखरं जीव गेल्यासारखी ओरडत, आणि साडू पंचा झटकत उठत. छत्रीचं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांची पक्की समजूत झाली की पाखरांना घड्याळ कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं सांगत, "बारा वाजलं की हाक मारत्यात. एवढी अक्कल मानसाला न्हाय." अक्का चुलीपुढे मान खाली घालून भाकरी थापत असत.

असं सगळं सुरळीत चाललं असतं, पण गावची यात्रा आली. आमच्याकडे यात्रा म्हणजे देवाचं दर्शन घाईत आणि मटणाचं जेवण सावकाश. ओळखीचा, ओळखीच्याच्या ओळखीचा, जो येईल त्याला पानावर बसवायचं, आणि कोण उपाशी गेला तर वर्षभर तोंड दाखवायची चोरी. त्या यात्रेला साडूंच्या लेकीची सासू, म्हणजे विहीणबाई, पहिल्यांदाच आल्या. अक्कांनी फाटकापाशीच त्यांच्या हातातली छत्री घ्यायला हात पुढे केला. विहीणबाईंना वाटलं मान देतायत. त्यांनी "असू दे, असू दे" म्हणत अंगणाच्या मधोमध येऊन ती ऐटीत उघडली. पाखरं उठली, म्हशींनी दावी ओढली, आणि विहीणबाई मागे सरकता सरकता पांढऱ्या रश्श्याच्या पातेल्यात बसल्या. रस्सा कोमट झाला होता, एवढीच देवाची कृपा. पण विहीणबाईंची पैठणी आणि अक्कांची अब्रू दोन्ही गेली. पाहुणे पांगल्यावर अक्का अंगणात उभ्या राहून शेजारच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्होरल्या यात्रंला ही पाखरं रश्शात दिसली पायजेत. न्हायतर मी दिसनार न्हाय." हे मात्र साडूंना ऐकू गेलं.

वर्षभर त्यांनी पाखरांची वकिली केली. उसात लपवून घातलेली अंडी शोधून आणली आणि अक्कांपुढे ठेवली. गावठी कोंबडीखाली पिल्लं उबवून घेतली. ती बिचारी कोंबडी आपल्या पोटी असली अवलाद कशी आली म्हणून दिवसभर सुन्न उभी असे. अक्का बधल्या नाहीत. यात्रा आठवड्यावर आली तेव्हा लेकीनं मधला मार्ग काढला आणि कोल्हापुरातून कानाचं मशीन आणलं. बाबांना ऐकू येऊ लागलं की पाखरांची गरजच उरणार नाही, असा तिचा विचार. मी आणि बायको यात्रेसाठी आधीच जाऊन राहिलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

सोप्यात बसवून लेकीनं मशीन कानात घातलं. साडूंनी ते बोटानं चाचपून पाहिलं. मग अंगणात एका शेवंतेनं मांजर पाहिलं. साडूंनी दोन्ही हात कानांवर नेले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे... हे एवढं वरडत्यात?" लेक म्हणाली, "व्हय की बाबा." "रोज?" "रोज." ते अक्कांकडे वळले. "आणि तू हितंच असतीस की गं दिवसभर."  मग कुकरची शिट्टी झाली, तिकडे मिक्सर लागला, दारात जावयाच्या गाडीचा हॉर्न वाजला. साडूंनी मशीन काढलं, रुमालात गुंडाळलं आणि भिंतीतल्या दिवळीत ठेवलं. "जग एवढं बडबडतंय ठावं न्हवतं मला," ते म्हणाले. "पाखरं न्ह्या. अक्कंचं बरोबर हाय." आपल्या बायकोला ते कधीमधी आमच्यासारखं अक्का म्हणत, पण फक्त तिचं पटलं तर. मी ते तोवर ऐकलं नव्हतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पाखरं गोठ्यात मोठ्या डालग्याखाली कोंडली गेली. अंधारात ती गप्प झाली. शेत इतकं शांत झालं की मला नदीवरच्या पाण्याच्या मोटारीचा आवाज यायला लागला, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही. दुपारी भाकऱ्या झाल्या. अक्का सवयीनं छत्री घेऊन अंगणात आल्या, उघडली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मग छत्री मिटून त्यांनी हाक मारली. पुन्हा मारली. मी जातो म्हणालो तर "बसा तुमी" म्हणाल्या आणि गुडघे धरत, सरीतून वाट काढत स्वतः निघाल्या. मला राहवलं नाही, मी मागोमाग गेलो. साडू पलीकडच्या बांधावर जांभळीखाली घराकडे तोंड करून बसले होते. अक्कांना पाहून म्हणाले, "आज जेवायला बोलावलं न्हाईस व्हय?"

अक्का जशा आल्या तशा परतल्या, कितीतरी भरभर. मी पोचेपर्यंत डालगं उलथं पडलं होतं आणि शेवंता, फौजदार सगळे अंगणात एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. संध्याकाळी सुरी घेऊन आलेल्या माणसाला अक्कांनी फाटकातूनच विचारलं, "कशाला आलायसा?" तो म्हणाला, "तुमीच बोलावलंय की." "मी? पाखरं काय खायाची असत्यात व्हय? बकऱ्याचं बगा." दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी बकऱ्याचं मटण खाल्लं. विहीणबाईंच्या छत्रीवर लेकीला पहाऱ्याला ठेवलं होतं.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. परवा मी गेलो होतो. साडू आणि मी जांभळीखाली बोलत होतो, म्हणजे मी ओरडत होतो आणि ते मान डोलवत होते. दुपार झाली. घराकडून पाखरांनी एकच कल्ला केला. माझ्या कानठळ्या बसल्या. साडू हलले नाहीत. मातीत काडीनं रेघा ओढत ते कुठलीशी जुनी म्हैस मला समजावून सांगत राहिले.  सांगावं की न सांगावं या विचारात होतो, तेवढ्यात त्यांनी मान वर केली, दर थोड्या वेळानं करतात तशी, आणि घराकडे पाहिलं. अंगणात काळी छत्री उघडी होती. तिच्याभोवती माना ताणलेली ठिपक्यांची गर्दी सैरावैरा पळत होती. साडू पंचा झटकत उठले. "ऐकलासा? पाखरांनी हाक मारली. माजं कान अजून खणखणीत हायत पावणं." मी म्हणालो, "व्हय की. माझं लक्ष नव्हतं."

ते हातपाय धुवायला गेले तेव्हा अक्का छत्री मिटत माझ्याजवळ आल्या. "आवाजानं आलं का बगून?" त्यांनी हळूच विचारलं. आमच्याकडे एवढ्या हळू कुणी बोलत नाही. मी म्हणालो, "आवाजानं." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, "बरं झालं" म्हणाल्या आणि पानं वाढायला आत गेल्या. बायकोचा आणि त्यांचा फोन रोज होतो. बायको सांगते, हल्ली अक्का पाखरं गप्प झाल्यावरही छत्री मिटत नाहीत; उन्हात उघडी धरून उभ्या राहतात, साडू वळून बघेपर्यंत.